निळ्या कर्दळीवरचं मेण

साहेबाने पानावरून तर्जनी फिरवली, बोट उजेडात धरलं आणि मला विचारलं, "काय हो, ही नर्सरी आहे की पिठाची गिरणी?"

त्याच्यामागे ऑफिसातल्या दोन मुली उभ्या होत्या, गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या. त्या हसल्या. मी हसलो नाही. इतकी वर्षं झाली, तरी ते बोट मला जसंच्या तसं दिसतं. नख व्यवस्थित कापलेलं, आणि टोकावर माझ्या बायकोची आठ वर्षांची मेहनत.

मी मूळचा यवतमाळकडचा. पुण्यात आलो तेव्हा धायरी अजून अर्धं गावच होतं. तिथल्या नव्या बंगल्यांच्या बागांना पाणी घालण्यापासून मी सुरुवात केली. झाडांपेक्षा माणसांची माहिती मला आधी झाली. पुणेकर तुळशीच्या एका कुंडीसाठी अर्धा तास उभा राहून हुज्जत घालतो, आणि त्याच्याआधी जो कंटाळतो तो हरतो. मी तापट आहे, पण सौदा चालू असताना राग शेवटच्या वाक्यापर्यंत राखून ठेवायला शिकलो. त्या एका गुणावर मांजरीत भाड्याच्या जागेवर नर्सरी उभी केली. सौदे मी करायचो. झाडं माझी बायको वाढवायची.

ती मांजरीचीच. उसात वाढलेली. लहानपणी उसाच्या कांड्यावरच्या पांढऱ्या पुडीवर नखाने चित्रं काढायची, असं सांगायची. तिच्या माहेरच्या पाटाच्या कडेला तिला एक वेगळीच कर्दळ सापडली होती. एरवी कर्दळीची पानं हिरवी किंवा तांबूस असतात. हिची पानं अरुंद, करड्या निळ्या रंगाची, आणि वर धुक्यासारखी पांढुरकी झाक. बोट लावलं की बोटाचा ठसा उमटायचा. तिथून तिने एक कंद आणला. पुढच्याच वर्षी तो पाट बुजवून त्यावर घरांची स्कीम उभी राहिली, म्हणजे मूळ जागी आता काहीच उरलं नव्हतं. त्या एका कंदाचे दोन, दोनांचे पाच, असं करत तिने आठ वर्षांत पूर्ण एक शेड भरली. गिऱ्हाईक मागायचं, तर ती म्हणायची, "अजून न्हाई." मीही थांबलो होतो. दुसऱ्या कुणाकडे नसलेला माल केव्हा बाहेर काढायचा, हे मला कळत होतं.

तो दिवस खराडीच्या कंपनीमुळे आला. नदीपलीकडे तेव्हा एकेक काचेची इमारत उठत होती. पूर्वी ज्या रस्त्याला बैलगाडी दिसायची, तिथे आता कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या रांगेने उभ्या असायच्या. कंपनी कॉम्प्युटरची होती आणि तिच्या दोन इमारतींच्या मधल्या गच्चीवर बाग करायची होती. हा साहेब तिथला फॅसिलिटी मॅनेजर, इमारतींची देखभाल बघणारा. बोलण्यावरून मुरलेला पुणेकर. आमच्याखेरीज आणखी तिघे नर्सरीवाले आले होते. मी म्हणालो, पूर्ण गच्ची एकाच निळ्या रंगाची करून देतो, असा माल अख्ख्या पुण्यात कुणाकडे नाही. त्याला पटत होतं, पण तो दाखवत नव्हता. दर खाली आणायला म्हणाला. मी नाही म्हणालो. तो खुर्चीवरून उठला, दाराच्या मुठीला हात घातला.

तेव्हा मी शेवटचा पत्ता टाकला. "दर शनिवारी आमची माणसं येऊन सगळी पानं पुसून देतील. त्याचं काही घेणार नाही."

तो थांबला. "पुसून म्हणजे? चकाचक?"

"आरशासारखी."

"लिहून द्या."

मी माझ्या हाताने लिहून दिलं. दर शनिवारी सर्व पाने ओल्या फडक्याने पुसणे. आमच्या धंद्यात ही सवयच होती. ऑफिसांच्या आत आम्ही रबराची झाडं आणि मनी प्लांट ठेवायचो, एसीच्या धुळीने ती मळायची, आठवड्याला फडकं मारावंच लागायचं. वाक्य तोंडात तयार होतं, ते बाहेर आलं. कर्दळीचा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हता.

घरी सांगितलं तेव्हा बायकोचं पुसण्याकडे लक्षच गेलं नाही. तिने दुसरंच विचारलं. "सगळी? एकबी मागं न्हाई ठिवायची?"

"एक मागे ठेवली की उद्या शेजारचा मागेल. शेजाऱ्याकडे गेली की आपला भाव गेला."

"भाव तुमचा. कर्दळ माझी हाय."

"वर्षभराने त्यांच्या गच्चीवर कंद वाढतील, जास्तीचे आपणच काढून आणू. तसं बोलणं झालंय," मी म्हणालो. तसं बोलणं झालं नव्हतं.

तिने वाद घातला नाही. महिनाभर ती झाडांच्या मागे लागली. हिरव्या जाळीखालून बाहेर काढली, आधी सकाळच्या उन्हात, मग दुपारच्या. दोन दिवस पाणी तोडायची, तिसऱ्या दिवशी घोटभर द्यायची. मला ते बघवत नव्हतं. मी म्हणायचो, विकायच्या मालाला कशाला छळतेस? ती म्हणायची, "सावलीत लाडानं वाढल्यालं पान पातळ ऱ्हातं. तिथं गच्चीवर कोण हाय तिला?" आणि खरंच, त्या महिन्यात जी पानं आली ती पूर्वीपेक्षा जास्त निळी होती. पांढरी झाक इतकी दाट की पाण्याचे थेंब पानाला न भिजवता मण्यांसारखे घरंगळून खाली पडायचे आणि पान कोरडंच राहायचं.

माल उचलण्याआधी साहेब पाहणीला आला, आणि ते बोट त्याने फिरवलं.

"आपण आरसा म्हणाला होतात," तो म्हणाला. "इथे तर टाल्कम पावडर दिसतेय. की भुरी आहे? रोगट माल आमच्याकडे नको."

बायको पाण्याची नळी हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "साहेब, ती धूळबी न्हाई आन् रोगबी न्हाई. ते तिच्या आंगचंच हाय."

"बाई, अंगचं असेल तर अंघोळ घाला," साहेब म्हणाला.

मुली पुन्हा हसल्या. सौदा आधीच झाला होता, त्यामुळे राग राखून ठेवायचं मला काही कारण नव्हतं. पण तो ज्याच्यावर काढायचा त्याच्यावर मी काढला नाही. मी कामाच्या सगळ्या बायकांना हाक मारली, बादल्यांत कपड्यांचा साबण कालवायला लावला आणि म्हणालो, एकही पान सुटता कामा नये. साहेबाला मी दाखवणार होतो आरसा म्हणजे काय असतो.

दोन दिवस पुसणं चाललं. फडकी पांढरी होत गेली. बायकोने एकाही पानाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला बोलावलं आणि पुसलेल्या पानावर तांब्यातून थोडं पाणी ओतलं. पाणी घरंगळलं नाही. पसरलं आणि पानाला चिकटून बसलं.

"बघा," ती म्हणाली.

"बघतोय की. स्वच्छ झालंय."

हे उत्तर मी तिला दिलं. झाडं दिसतही सुंदर होती, खोटं कशाला बोलू. निळेपणा जाऊन गर्द हिरवी, तुकतुकीत. गच्चीवर लावून झाल्यावर साहेब कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आत्ता कसं."

माल उतरवताना एक कुंडी टेम्पोतून खाली पडून फुटली. फुटकी कुंडी कोण घेणार? हमालाने ते झाड जनरेटरच्या खोलीमागे, कंपाउंडच्या कडेला ढकललं. बायकोने तिथली माती हाताने उकरून तो कंद लावला आणि वर पालापाचोळा ओढला. ना ते झाड मोजणीत धरलं गेलं, ना कुणाच्या लक्षात राहिलं.

एप्रिल होता. त्या गच्चीवर उभा राहिलो की मला चमत्कारिक वाटायचं. दोन्ही बाजूंना काच होती आणि ऊन वरून जितकं यायचं तितकंच काचेवरून परतून यायचं. सावली पडायची ती पातळ, आणि कुठल्या बाजूला पडेल याचा नेम नसायचा. काचेच्या आत गारव्यात मुलं-मुली स्क्रीनकडे बघत बसलेली. बाहेर मी आणि आमच्या दोन बायका, फडकी घेऊन. कबूल केल्याप्रमाणे पहिल्या शनिवारी पुसलं. दुसऱ्या शनिवारी पुसलं. दुपारी पानं गुंडाळून घेत होती, पण उन्हात कर्दळ तसं करते म्हणून मी सोडून दिलं. तिसऱ्या शनिवारी बघितलं तर संध्याकाळीही ती उलगडत नव्हती. कडा तपकिरी झाल्या होत्या, विस्तवाजवळ धरलेल्या कागदासारख्या. आणि रोज ती कड आत सरकत होती.

साहेब म्हणाला, "पाणी कमी पडतंय." त्याने दिवसातून तीनदा झाडांवर पाणी फवारणारी कारंजी सुरू केली. पुसलेल्या पानांवर पाणी तसंच साचून राहायचं. आठवड्यात काळे ठिपके आले. मग गच्चीवर एक वास यायला लागला, सडक्या कांद्यासारखा. मी मातीत बोट घातलं तर कंद मऊ लागला.

एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्यांच्याकडे मी दोन पानं घेऊन गेलो. एक पुसलेलं आणि जळत चाललेलं. दुसरं त्याच झाडाचं, नुकतं उलगडलेलं, अजून फडकं न लागलेलं आणि निळं. त्यांनी भिंगाने दोन्ही पाहिली आणि मला पाहायला दिली. निळ्या पानावर बारीक पांढऱ्या कणांची दाट साय होती. दुसऱ्यावर नुसते ओरखडे.

"हे मेण आहे," बाई म्हणाल्या. "पानाच्या अगदी वरच्या थरातल्या पेशी ते आत तयार करतात आणि भिंतीतून बाहेर ढकलतात. बाहेर आलं की त्याचे असे कण होतात. पानातलं पाणी उडून जाऊ नये, जास्तीचं ऊन परतवावं, वर पाणी साचून बुरशीने घर करू नये, एवढी सगळी कामं या एका थराची. तुम्ही ते कशाने काढलंत?"

"साबणाने."

मग मी त्यांना सगळंच सांगितलं, बायकोने महिनाभर पाणी तोडलं होतं तेसुद्धा.

"पण परत येईल ना?" मी विचारलं.

"येईल, पण कोवळ्या पानाला. पान वाढत असतं तेव्हाच त्याचं हे काम जोरात चालतं. पूर्ण झालेल्या पानाचं काम जवळजवळ संपलेलं असतं, ते पुन्हा तेवढं मेण करत नाही. आणि झाडाने ऊन, वारा, तहान सोसली असेल तर ते जास्त करतं. तुमच्या मिसेसनी महिनाभर पाणी तोडून जे केलं ना, ते याच्यासाठीच होतं."

शेवटी त्यांनी उपाय सांगितला. जुनी पानं सगळी कापा. कारंजी बंद करा. वर जाळी बांधा. कंद अजून घट्ट असतील तर नवीन पानं फुटतील. "आणि पुसणं आजच्या आज थांबवा."

म्हणजे वाट होती. मी तसाच कंपनीत गेलो. साहेबाला सगळं सांगितलं, भिंगात पाहिलेलंसुद्धा. म्हणालो, सहा आठवडे द्या.

"पुढच्या सोमवारी अमेरिकेहून माणसं येतायत," तो म्हणाला. "त्यांना काय दाखवू? बोडक्या कुंड्या?"

"निदान पुसणं तरी थांबवू द्या."

त्याने टेबलाच्या खणातून कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. "अक्षर आपलंच ना?"

अक्षर माझंच होतं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर मी बसलो असतो, चहा मागवला असता, तासभर घासाघीस केली असती आणि सहा नाही तर तीन आठवडे पदरात पाडले असते. ती कला मला येत होती. पण तो ज्या चेहऱ्याने कागदाकडे बघत होता तो मला सहन झाला नाही. मी त्याला नको ते बोललो. बाहेर गच्चीवर आलो आणि फडक्यांची बादली उचलून काचेवर मारली. काच फुटली नाही. आतली पोरं उठून उभी राहिली. दोन सिक्युरिटीवाल्यांनी मला जिन्याने खाली आणलं आणि पास काढून घेतला.

सोमवारची माणसं येऊन गेली असावीत. आम्हाला कुणी आत घेतलं नाही. पुसायचं काम त्यांच्याच सफाईवाल्यांकडे गेलं. जूनमध्ये त्यांनी गच्ची साफ केली आणि सडलेले कंद मातीसकट कचऱ्याच्या ट्रकने नेले. त्या जागी प्लास्टिकची हिरवळ आणि प्लास्टिकची झाडं आली. ती मला रस्त्यावरूनही चमकताना दिसायची.

घरी शेड रिकामी होती. बायको नुसतं म्हणाली, "भिंतीकडची बघून या."

मी विसरूनच गेलो होतो. कंपाउंडच्या जाळीतून पाहिलं तर जनरेटरच्या खोलीमागे पालापाचोळ्यातून कर्दळ वर आली होती. नर्सरीत पुसलेली पानं केव्हाच वाळून गळली होती आणि त्यांच्या जागी नवीन फुटली होती. निळी. सगळी निळी. जनरेटरची गरम हवा दिवसभर अंगावर घेत ती उभी होती. पाणी कुणी देत नव्हतं आणि फडकं कुणी मारत नव्हतं. बाईंनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

मी गेटवर जाऊन एक कंद मागितला. गार्डने फोन केला आणि साहेब स्वतः खाली आला. मी म्हणालो, एका कंदाच्या बदल्यात दहा झाडं देतो. वीस देतो. तुम्ही म्हणाल ती.

"अजून घासाघीस!" तो म्हणाला. "अहो, आपला माल आम्ही रीतसर घेतलेला आहे. आता या भिंतीच्या आतलं गवतही कंपनीचं."

माफी मागितली असती तर कदाचित दिला असता, असं बायको म्हणाली. असेल. मी मागितली नाही. "बाई, अंघोळ घाला" असं तो माझ्या बायकोला म्हणाला होता, ते मी विसरलो नव्हतो. अजूनही विसरलेलो नाही. एक कंद द्यायला त्याचं काय जात होतं? काही जात नव्हतं. म्हणूनच त्याने दिला नाही.

बायकोने त्या हिवाळ्यात शेडमध्ये एक वाफा तयार केला. माती चाळली, शेणखत मिसळलं, वर काही लावलं नाही. मला माहीत होतं तो कशासाठी आहे. कधीतरी साहेब बदलेल, गार्ड बदलेल, कंद मिळेल. आम्ही दोघंही तेवढ्या आशेवर होतो. मी दर आठ-पंधरा दिवसांनी जाळीपाशी मोटरसायकल थांबवायचो आणि घरी येऊन सांगायचो, "आहे."

होळी होऊन गेली होती. ऊन चढायला लागलं होतं. शनिवार होता. जाळीपाशी थांबलो तर खोलीमागे सफाईचा एक माणूस उकिडवा बसला होता. शेजारी बादली, त्यात फेस. हातात फडकं.

मी ओरडलो, "अहो दादा! पुसू नका! ती धूळ नाही!"

त्याने वर पाहिलं. वयस्क होता, शांत होता. "म्हाईत न्हाई बुवा. शनवारचं काम हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण? कागद हाय न्हवं." त्याने फडक्यानेच भिंतीकडे बोट केलं. खोलीच्या दाराशेजारी खिळ्याला एक कागद लटकवला होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. लांबून अक्षरं वाचता येत नव्हती, पण वळण ओळखू आलं. ते माझ्याच कागदाची झेरॉक्स वापरत होते. गच्चीवरची प्लास्टिकची झाडंही त्याच कागदाने पुसली जात असणार.

"त्यात हे झाड नाही," मी म्हणालो. "हे मोजणीतलं नाही."

"सर्व पाने म्हनून लिवलंय," तो म्हणाला. "सुपरवायझरनं कालच दावलं ह्ये ऱ्हायल्यालं."

आणि तो पुन्हा खाली वाकला. काम मन लावून करत होता. प्रत्येक पान तळहातावर घ्यायचं, वरून पुसायचं, उलटं करून पुसायचं. निळेपणा त्याच्या फडक्यात उतरत होता. सर्वांत मधलं पान अजून गुंडाळीतच होतं. ते त्याने दोन बोटांनी हळूच उलगडलं आणि आतूनही पुसलं.

घरी आलो तेव्हा बायको वाफ्यातलं तण काढत होती.

"हाय?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

त्यानंतर मी त्या रस्त्याने गेलो नाही. काहीतरी कामं काढत राहिलो. मे महिन्यात एका सकाळी ती म्हणाली, बहिणीकडे जाऊन येते, आणि दुपारच्या उन्हात परत आली. पदराने तोंड पुसलं, पाणी प्यायली. संध्याकाळी ती शेडमध्ये गेली आणि त्या वाफ्यात तिने मिरचीची रोपं लावली.